खुर्द्याची गणती : डावपेचांच्या जपानी भूमिकाखेळाची महात्मता

१. प्रास्ताविक

पैठण गेटकडून टिळक पथाने गुलमंडीकडे येताना दुतर्फा दुकाने लागतात. रात्री दुकान बंद करण्यापूर्वी गल्ल्यातील नोटा मोजल्या जातात आणि मग नाण्यांची चिल्लर मोजली जाते. चिल्लर थोडी म्हणून वगळली तर रोजकीर्द जुळत नाही, हे गुलमंडीतील नवशिक्या नोकरालाही ठाऊक असते. बाजाराचे हे साधे शहाणपण युद्धाच्या इतिहासाने मात्र क्वचितच पाळले आहे.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. त्याची वार्ता पेशव्यांना सावकारी भाषेतील एका सांकेतिक पत्रातून कळली, असे परंपरा सांगते. त्या पत्रात दोन मोत्यांचा आणि सत्तावीस मोहरांचा हिशेब आहे. रुपये आणि खुर्दा यांची मात्र गणती नाही. मोती म्हणजे विश्वासराव व सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे मातब्बर सरदार, आणि खुर्दा म्हणजे सामान्य शिपाई. मार्च १७६० मध्ये आपल्या मराठवाड्यातील परतूरहून भाऊंची फौज उत्तरेकडे निघाली, तिच्यातील बहुसंख्य माणसे या न मोजलेल्या खुर्द्यात जमा झाली.

मराठी कथनातील पानिपत या विषयावर एका पदव्युत्तर चर्चासत्रात बोलताना गुलमंडी परिसरातच वाढलेल्या एका विद्यार्थ्याने या पत्राचा उल्लेख केला, आणि लगेच एका जपानी व्हिडिओ खेळाचे उदाहरण दिले. त्या खेळात आपल्या बाजूच्या प्रत्येक शिपायाला नाव असते, म्हणून खुर्दा नावाची गोष्टच तेथे उरत नाही, असे त्याचे म्हणणे होते. उपस्थित अध्यापकांपैकी एकाने खेळ म्हणजे वाङ्मय नव्हे, असा आक्षेप घेतला आणि चर्चा तेथेच थांबली. प्रस्तुत निबंध त्या थांबलेल्या चर्चेचे पुढील पाऊल होय. डावपेचांच्या जपानी भूमिकाखेळाला श्रेष्ठत्व कशामुळे येते, या प्रश्नाचा विचार येथे वाङ्मयाच्या अभ्यासकाच्या भूमिकेतून करावयाचा आहे.

२. पूर्वपीठिका : पट आणि मोहरा

पटावर युद्ध खेळण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टांनी सतराव्या शतकात 'भगवंतभास्कर' हा धर्मशास्त्रविषयक बृहद्ग्रंथ रचला. त्यातील 'नीतिमयूख' या राजनीतीच्या भागात बुद्धिबळाचे विवेचन आहे. राजनीती आणि बुद्धिबळ यांना एका ग्रंथात जागा मिळावी, यातच या खेळाकडे पाहण्याची जुनी दृष्टी व्यक्त होते. पट ही राज्याची प्रतिमा होती.

तथापि बुद्धिबळातील मोहऱ्याला पद असते, व्यक्तित्व नसते. आठ प्यादी परस्परांहून भिन्न नाहीत. एखादे प्यादे मारले गेले तर खेळाडूला स्थानाची हानी जाणवते. प्याद्याचे दुःख होत नाही. प्याद्याचा वजीर झाला तरी तो कोणत्या प्याद्याचा झाला हे कोणी लक्षात ठेवीत नाही. बुद्धिबळाची निर्दोष संरचना या अनामिकतेवरच उभी आहे.

१९९० च्या सुमारास जपानमध्ये या संरचनेत एक मूलगामी बदल झाला. पटावरील युद्धाला तेथील भूमिकाखेळाची जोड मिळाली. भूमिकाखेळात खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका घेऊन दीर्घ कथानकातून जातो आणि अनुभवागणिक त्या पात्राचे सामर्थ्य वाढत जाते. दोहोंच्या संयोगातून जो प्रकार जन्मला त्याला जपानमध्ये 'सिम्युलेशन आरपीजी' म्हणतात. येथे त्यासाठी 'डावपेचांचा भूमिकाखेळ' ही संज्ञा वापरली आहे. चौकोनांचा पट, पाळीपाळीने चाल, पाच-पंधरा माणसांची तुकडी आणि लढायांच्या मधून पुढे सरकणारी कथा, ही त्याची सर्वसाधारण लक्षणे होत.

ज्यांनी असा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एक परिचित दृष्टांत घेऊ. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी गुलमंडीच्या चौकातून चार माणसांना सामानासह मछली खडकाकडे जावयाचे आहे, असे समजा. गल्ली अरुंद आहे. हातगाडी आडवी आली की मागचे सारे थांबतात. माडीवर उभा असलेल्याला चौकातील मोकळी जागा दिसते, गर्दीत असलेल्याला ती दिसत नाही. एक जण चपळ आहे, दुसरा बळकट पण मंद. कोणी आधी पुढे व्हावे यावर सर्वांचे पोचणे अवलंबून आहे. उंची, अडथळा, तोंड कोणत्या दिशेला आहे, कोणाची पाळी केव्हा, या चार गोष्टींचा मेळ म्हणजे डावपेच. आता या चौघांची नावे, नाती आणि भांडणे आपल्याला ठाऊक आहेत अशी कल्पना करा. बळकट माणसाला मागे ठेवण्याचा निर्णय लगेच अवघड होतो. डावपेचांच्या भूमिकाखेळाचे सारे सामर्थ्य या अवघडपणात आहे.

महात्मता ही संज्ञा बा. सी. मर्ढेकरांच्या १९४१ मधील 'वाङ्मयीन महात्मता' या पुस्तकामुळे मराठी समीक्षेत परिचित झाली. त्यांनी सांगितलेली संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे येथे उपयोगी पडतात. या खेळात दोन व्यवस्था एकाच वेळी चालू असतात. एक नियमांची, म्हणजे अंक, अंतर, पाळी यांची. दुसरी कथेची, म्हणजे नाव, नाते, निष्ठा यांची. दोहोंतील संबंध कोणत्या लयीचा आहे, हे पाहिले की श्रेष्ठ खेळ कोठे वेगळा पडतो ते कळू लागते.

३. नाव असलेले प्यादे : संवादाची लय

या प्रकाराचा पाया घालणारा खेळ म्हणजे एप्रिल १९९० मध्ये निन्तेंदोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी प्रसिद्ध झालेला 'फायर एम्ब्लेम'. इंटेलिजंट सिस्टिम्स या संस्थेत शोझो कागा यांनी त्याची रचना केली. राज्य गमावलेला राजपुत्र मार्थ सोबती जमवीत परततो, ही त्याची कथा. कथानक पारंपरिक आहे. नवे आहे ते एका नियमात. मार्थच्या तुकडीतील प्रत्येकाला नाव व चेहरा आहे, आणि लढाईत मेलेला सोबती पुढील लढाईत परत येत नाही.

या एका नियमाने पटाचा अर्थ पालटतो. बुद्धिबळात बळी देणे ही कला आहे. येथे तीच चाल खेळता येते, पण बळी गेलेल्या माणसाची जागा पुढील प्रत्येक लढाईत रिकामी राहते. हानीला स्मृती प्राप्त होते. खेळाडू जिंकूनही अस्वस्थ असतो, हा अनुभव पटावरील खेळात पूर्वी फारसा नव्हता.

नियम आणि आशय यांच्या संवादाचे आणखी सूक्ष्म उदाहरण याच खेळातील जेगन या वृद्ध सरदाराच्या रूपाने मिळते. आरंभी तो सर्वांत समर्थ असतो. प्रत्येक शत्रूला तोच लोळवू शकतो. परंतु लढाईतून मिळणारा अनुभव ज्याने लढाई केली त्यालाच मिळतो, आणि जेगनचे सामर्थ्य अनुभवाने फारसे वाढत नाही. त्याच्यावर विसंबून राहिलेल्या खेळाडूची तरुण माणसे कच्ची राहतात आणि पुढे फौज दुबळी पडते. वृद्धाने रक्षणापुरते उभे राहावे आणि अखेरचा घाव तरुणाला घालू द्यावा, हे कोणतेही पात्र बोलून दाखवीत नाही. ते अंकांतूनच उमजते. विद्यार्थ्याचा प्रबंध स्वतःच लिहून देण्याचा मोह ज्या मार्गदर्शकाला होतो, त्याने जेगनचा विचार अवश्य करावा.

४. नियम आणि धर्म : विरोधाची लय

महाभारताच्या सभापर्वातील द्यूत हा आपल्या परंपरेतील खेळविषयक चिंतनाचा सर्वांत तीव्र क्षण आहे. तेथे खेळ नियमाने चालतो, पण आणि हार नियमाने ठरतात, आणि नेमक्या त्याच वेळी पणाला लावलेली द्रौपदी प्रश्न विचारते. स्वतः हरलेल्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय, या तिच्या प्रश्नाला सभेकडे निर्विवाद उत्तर नाही. नियमाने जे घडू शकते ते धर्माने घडावे काय, अशी ही पेच उभी करणारी पृच्छा आहे. पण म्हणून मांडलेले माणूस बोलू लागते आणि पटाची चौकट अपुरी पडते.

ऑक्टोबर १९९५ मध्ये सुपर फॅमिकॉमसाठी क्वेस्ट या संस्थेने प्रसिद्ध केलेला आणि यासुमी मात्सुनो यांनी दिग्दर्शित केलेला 'टॅक्टिक्स ऑगर' हा खेळ याच पृच्छेवर उभा आहे. व्हॅलेरिया या द्वीपसमूहात वालिस्टर, गाल्गास्तान आणि बाक्राम या समाजांत यादवी चालू आहे. नायक डेनम अल्पसंख्य वालिस्टर समाजाचा तरुण योद्धा. पहिल्या प्रकरणाच्या अखेरीस त्याला आपल्याच पक्षाकडून एक आज्ञा होते. बाल्मामुसा या वस्तीतील आपल्याच समाजाचे लोक उठावाला तयार नाहीत. त्यांची कत्तल करावी आणि तिचा दोष शत्रूवर टाकावा, म्हणजे सारा समाज पेटून उठेल, असा हिशेब आहे.

येथे खेळाडूला उत्तर द्यावे लागते. होकार दिला तर बालमित्र व्हाइस त्याला सोडून विरोधात उभा राहतो. नकार दिला तर तोच व्हाइस कत्तलीच्या बाजूने जातो, आणि कत्तलीचा ठपका डेनमवर येतो. दोन्ही मार्गांत बाल्मामुसाचे लोक मरतातच. नकाराने ते वाचत नाहीत.

सामान्य खेळ नैतिक निवडीला बक्षीस जोडतो. चांगले वागणाऱ्याला चांगला शेवट मिळतो, त्यामुळे चांगुलपणा हीही एक फायदेशीर चाल ठरते. 'टॅक्टिक्स ऑगर' हा सौदा नाकारतो. नकार देणाऱ्याला लोक वाचवल्याचे समाधान नाही आणि होकार देणाऱ्याला मित्र टिकवल्याचे नाही. उरते ते एवढेच, की आपण काय म्हणालो. व्हाइसची कल्पना तर याहून अर्थपूर्ण आहे. आपण जो मार्ग घेतो त्याच्या उलट मार्गावर तो असतो. आपण न घेतलेल्या निर्णयाला त्याच्या रूपाने देह मिळतो. मित्र आणि शत्रू यांतील अंतर एका उत्तराएवढेच होते, हे आपल्याला पुढे दीर्घकाळ पाहावे लागते.

बाल्मामुसाचे लोक हा पानिपतच्या पत्रातील खुर्दाच आहे. आज्ञा देणारा त्यांचा हिशेब संख्येत करतो. खेळाची रचना मात्र खेळाडूला त्या हिशेबावर सही करण्यापूर्वी थांबवते.

५. बखर कोणाची?

मात्सुनो यांनीच दिग्दर्शित केलेला 'फायनल फॅन्टसी टॅक्टिक्स' हा खेळ जून १९९७ मध्ये स्क्वेअर या संस्थेने प्लेस्टेशनसाठी आणला. मराठीच्या अभ्यासकाला त्याचा निवेदनविशेष विशेष जवळचा वाटेल. कथा इव्हालिस राज्यातील गादीच्या वादाची आहे. पण ती सांगतो अनेक शतकांनंतरचा एक इतिहासकार, अराझ्लम दुराई. मान्य इतिहासात डेलिता हा सामान्य कुळातून राजपदाला पोचलेला वीर आहे. राम्झा या उमराव घराण्यातील तरुणाला तेथे पाखंडी म्हणून जवळजवळ पुसून टाकलेले आहे. अराझ्लमच्या पूर्वजाने खरा वृत्तांत लिहिला होता. धर्मपीठाने त्याला जाळले आणि ते कागद दडपले. आपण जो खेळ खेळतो तो त्या दडपलेल्या कागदांचे वाचन आहे.

बखरीच्या अभ्यासात आपण नेहमी विचारतो : लिहिणारा कोणाच्या आश्रयाचा, लिहिले केव्हा, वगळले कोणाला? हा खेळ तेच प्रश्न विचारीत सुरू होतो. खेळाडूला पहिल्यापासून ठाऊक असते की, आपण जिंकलेली प्रत्येक लढाई इतिहासातून गळणार आहे. विजयाचे फळ कीर्ती नसेल तर लढावयाचे कशासाठी, हा प्रश्न प्रत्येक डावामागे उभा राहतो. कथानकाची दिशा येथे खेळाडूच्या निवडीने बदलत नाही. तरीही खेळ श्रेष्ठ ठरतो, कारण त्याची गंभीरता निवेदनाच्या चौकटीतून आलेली आहे.

पहिल्या प्रकरणाचा शेवट पाहण्याजोगा आहे. डेलिता आणि त्याची बहीण तिएता ही सामान्य कुळातील मुले राम्झाच्या उमराव घरात वाढलेली. बंडखोर तिएताला ओलीस धरतात. राम्झाच्या थोरल्या भावाच्या आज्ञेवरून अर्गस हा तरुण सरदारपुत्र तिच्यावरच बाण सोडतो. उमराव मुलगी असती तर आज्ञा अशी झाली नसती. याच अर्गससोबत आपण काही लढाया लढलेलो असतो, त्याच्या कौशल्याचा उपयोग करून घेतलेला असतो. उच्चनीचतेचा विखार आपल्या तुकडीतच चालत होता, ही जाणीव खेळाडूला चपराकीसारखी बसते.

नियमांच्या पातळीवरही या खेळात एक विलक्षण योजना आहे. पडलेल्या माणसाला ठरावीक पाळ्यांत उठवले नाही तर तो कायमचा जातो, आणि कधी कधी त्याच्या जागी एक स्फटिक उरतो. दुसऱ्याने तो घेतला तर मृताची काही कौशल्ये त्याला प्राप्त होतात. वारसा या कल्पनेचे याहून थोडक्यात केलेले रूपक सहसा आढळत नाही.

६. शत्रूचे नाव : समतोलाकडे

येथवरच्या खेळांत एक उणीव राहते. नावे प्रामुख्याने आपल्या बाजूला असतात. समोरची फौज पुष्कळदा 'शिपाई', 'धनुर्धर' अशा पदांनीच ओळखली जाते. म्हणजे खुर्दा नाहीसा होत नाही, तो पटाच्या पलीकडच्या बाजूला सरकतो.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फायर एम्ब्लेम : थ्री हाउसेस' या खेळाने या उणिवेकडे लक्ष दिले. येथे खेळाडू एका मठातील शिक्षक आहे. तीन राज्यांतील तरुणांच्या तीन छात्रगृहांपैकी एकाची निवड तो करतो, शिकवतो, सोबत जेवतो. इतर दोन गृहांतील विद्यार्थीही त्याच्या रोजच्या बोलण्यात येतात. पुढे युद्ध पेटते आणि ज्यांना आपण निवडले नाही ते बहुधा शत्रू म्हणून समोर येतात. ग्रोंडरच्या मैदानावर पूर्वार्धात तिन्ही गृहांची वार्षिक स्पर्धा होते. तीत कोणी मरत नाही. पुढे दोन कथामार्गांत त्याच मैदानावर खरी लढाई होते. मैदान तेच, माणसे तीच, चालींचे शास्त्र तेच. फक्त मरण खरे. स्पर्धेत ज्याला हसत हरवले त्याच्यावर आता घाव घालण्यापूर्वी खेळाडूचा हात थबकतो. डावपेच आणि करुणा यांचे पारडे येथे प्रथमच जवळजवळ समतोल होते.

७. दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, यंत्रावरील मरण खोटे आहे. सोबती मेला की खेळाडू जतन केलेल्या जागेवरून पुन्हा आरंभ करतो. मग हानी कसली? हा आक्षेप बलवान आहे, आणि रचनाकारांनीही त्याची दखल घेतली. २०१० मध्ये 'फायर एम्ब्लेम' मालिकेतील एका खेळात मृत सोबती पुढील लढाईत परतण्याची मुभा आली. त्याच वर्षीच्या 'टॅक्टिक्स ऑगर'च्या नव्या आवृत्तीत झालेल्या चाली मागे घेण्याची सोय झाली. 'थ्री हाउसेस'मध्येही ती मर्यादित स्वरूपात आहे. परंतु पुन्हा आरंभ करणारा खेळाडू एका शिपायासाठी अर्ध्या-पाऊण तासाचा जिंकलेला डाव टाकून देतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे. बुद्धिबळात एका प्याद्यासाठी जिंकलेला डाव कोणी मोडत नाही. हानी टाळण्याची ही धडपडच हानी खरी वाटल्याची साक्ष आहे. शिवाय बाल्मामुसाच्या प्रसंगात मागे जाऊन दुसरे उत्तर दिले तरी लोक मरतातच. श्रेष्ठ खेळ खेळाडूला मागे जाऊ देतो. सुटू देत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. नाव देणे म्हणजे व्यक्तित्व देणे नव्हे. 'फायनल फॅन्टसी टॅक्टिक्स'मध्ये भरती केलेल्या शिपायांना नावे असतात, पण कथेत ते एक शब्द बोलत नाहीत. ज्या खेळाने पुसलेल्या माणसाची बखर लिहिली, त्याच खेळात मुका खुर्दा शिल्लक आहे. हा दोष मान्य केला पाहिजे. किंबहुना या प्रकारातील श्रेष्ठ-कनिष्ठता ठरविण्याचा निकष येथूनच मिळतो. पटाची गुंतागुंत, चित्रांची झळाळी, कथेची लांबी ही परिमाणे दुय्यम होत. ज्या खेळात माणसाला साधन म्हणून वापरण्याची पूर्ण मुभा नियम देतो, आणि ती मुभा वापरताना कथा आपला हात धरते, तो खेळ श्रेष्ठ. हात जितक्या अधिक माणसांसाठी धरला जाईल, तितकी त्याची महात्मता अधिक.

८. समारोप

चर्चासत्रातील आक्षेपाकडे आता परत येता येईल. खेळ वाङ्मय आहे की नाही, हा वर्गीकरणाचा प्रश्न आहे आणि तो सावकाश सुटेल. कोणाचे नाव घेतले जाते आणि कोणाचे गळते, हा प्रश्न मात्र वाङ्मयाचाच आहे. निदान या शहरातील मराठी विभागांना तरी तो परका वाटू नये. गंगाधर पानतावणे यांनी येथूनच 'अस्मितादर्श' चालविले आणि ज्यांची गणती साहित्याने केली नव्हती त्यांच्या लेखनाला हक्काचे पान दिले. १९७८ मध्ये विधिमंडळाने ठराव केल्यापासून १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले जाईपर्यंतची सोळा वर्षे या प्रदेशाने पाहिली आहेत. एका नावाची किंमत काय असते, हे येथील अध्यापकाला कोणत्याही खेळाने शिकविण्याची आवश्यकता नाही. तो मात्र त्या अनुभवाच्या बळावर हे खेळ इतरांहून चांगले वाचू शकेल.

म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एक अभ्यास सुचवावासा वाटतो. पानिपतविषयक कोणतीही एक बखर किंवा विश्वास पाटील यांची 'पानिपत' ही कादंबरी घ्यावी. तिच्यात नाव असलेली आणि नाव नसलेली माणसे कोठे येतात, बोलतात काय, मरतात कशी, याची नोंद करावी. मग वर उल्लेखिलेल्यांपैकी एखाद्या खेळाची तशीच नोंद करून दोन्ही वह्या शेजारी ठेवाव्यात. गुलमंडीतील दुकानदार रात्री जे करतो तेच अभ्यासकाने करावयाचे आहे : मोहरा मोजून झाल्यावर उठून जाऊ नये, खुर्दाही मोजावा.